मी ‘बसा’ म्हटलं नव्हतं

३ मार्च

दुसऱ्याच्या फ्रिजवर कागद चिकटवण्याआधी विचारावं, एवढं शहरातल्या शाळांत शिकवत नाहीत वाटतं. संत आंतोनियोचं चित्र काढून मिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि त्याच्या जागी हा पिवळा कागद. वर मलाच ऐकवते, आजी, तुझ्या भल्यासाठी आहे.

येशू, मारिया, योसेफ. आता लिहिते.

इदालिया आली होती, माझ्या रेमुंदोची मुलगी. सांता फेला राज्याच्या कचेरीत काम करते, त्यामुळे तिला सगळं कळतं. कागदावर आपल्या राज्याचा नवा कायदा आहे म्हणे. बाहेरचे पोलीस, म्हणजे ते वॉशिंग्टनचे, आले तर न्यायाधीशाच्या सहीचा कागद असल्याशिवाय त्यांनी घरात पाऊल टाकायचं नाही. आणि आपल्या इथल्या पोलिसांनी, म्हणजे शेरीफच्या माणसांनी, त्यांच्या मदतीला जायचं नाही. मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत, तेही मेंढ्या नसतील त्या दिवशी. म्हणून तिने मोठ्याने वाचलं. पण वाचताना तिची नजर माझ्याकडे नव्हती, सेल्सोकडे होती.

सेल्सो सीमेपलीकडच्या चिवावाचा, इथे राहायचे कागद त्याच्याकडे नाहीत. एका वसंतात मेंढ्या व्यायच्या वेळी मदतीला आला आणि गेलाच नाही. माझा तो कुणी लागत नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. जेवतो फार. बोलतो कमी, ते बरं आहे. मला ‘दोन्या’ म्हणतो, म्हणजे बाईसाहेब.

इदालिया म्हणाली, “दार उघडायचंच नाही, आजी. आतून विचारायचं, सहीचा कागद आहे का. असेल तर काचेला लावून दाखवा म्हणायचं.”

“आणि शेजारचा उबाल्दो आला तर? त्यालाही नाक काचेला लावायला सांगू?”

सेल्सो हसला. ती नाही हसली.

“तू ते स्वयंपाकघरातून ‘या आत’ ओरडतेस ना, न बघता, ते आधी बंद कर.”

घ्या. या गावात दारावर थाप पडली की आतून ‘या आत’ म्हणतात. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. हात पिठात असतात, कोण उठून बघत बसणार? म्हटलं, बघू.

कागदाखाली संत आंतोनियो परत लावला. आता दोघंही अर्धे अर्धे दिसतात.

९ मार्च

रेमुंदोचा फोन. ईस्टरला, नाताळला फोन न करणारा हा मुलगा आज दुपारी आल्बुकर्कीहून पंधरा मिनिटं बोलला. मला आधी वाटलं कुणीतरी मेलं.

तब्येत विचारली. लाकडं पुरली का विचारलं. मग नेहमीचं. आई, किती दिवस तिथे राहणार, माझ्याकडे खोली रिकामी आहे, त्या टेक्ससच्या लोकांना अजून आपली जमीन विकत हवी आहे, असे लोक पुन्हा येत नाहीत. मी म्हटलं, मी आहे तोवर इथे मेंढ्या चरतील, टेक्ससवाले नाही. तो म्हणाला, मेंढ्या तू चारतेस का? सेल्सो चारतो. तो नसता तर एक हिवाळा तरी निघाला असता का तुझा?

मी म्हटलं, नसता निघाला. खरं ते खरं.

मग त्याने विचारलं, सेल्सो अजून शेडमध्येच झोपतो का? म्हटलं नाही, जानेवारीत त्याच्या छातीत कफ भरला तेव्हापासून स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत आहे. इतक्या थंडीत कुत्र्यालाही बाहेर ठेवत नाहीत. म्हणाला, बरं केलंस.

गुरुवारी सकाळी येतो म्हणाला. मेंढ्या बघायच्या आहेत, सेल्सोला वर कुरणात पाठवू नकोस, घरीच ठेव, त्याच्याशी बोलायचं आहे. मला बरं वाटलं, लपवत कशाला. बापासारखा मेंढ्यांत लक्ष घालतोय, उशिरा का होईना.

पोसोलेच्या रश्श्यासाठी मका भिजत घालायला हवा.

१२ मार्च

सेल्सोला नेलं.

तोर्तिया जळल्या. मक्याचं भांडं तसंच चुलीवर. आज जास्त लिहवत नाही.

१३ मार्च

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. नंतर लोक मला सांगतील काय झालं, त्याआधी.

मी तोर्तिया लाटत होते. सेल्सो मागच्या खोलीत बूट घालत होता, रेमुंदो येणार म्हणून दाढी केली होती मूर्खाने. पुढच्या दारावर थाप पडली. मी ओरडले, “या आत!”

मुलगा आला असं समजून ओरडले. मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

बुटांचा आवाज एका माणसाचा नव्हता. वळले तर चौघे, काळी जाकिटं, एकाने तोंड झाकलेलं. स्वयंपाकघरातून माझ्या अंगावरून गेले. कोठी उघडली नाही, माझी झोपायची खोली उघडली नाही, सरळ मागची छोटी खोली. जणू माझ्याच घरात वाढलेले. मी लाटणं घेऊन मध्ये उभी राहिले. त्यातला एक इंग्रजीत म्हणाला, बाई, तुम्हीच बोलावलंत. मी म्हटलं, कागद दाखव, सही दाखव. त्याने एक कागद दाखवला, त्यावर त्यांच्याच साहेबाची सही. न्यायाधीश कुठेच नाही. एवढं मलाही वाचता येतं.

सेल्सो म्हणाला, “दोन्या, चूल बघा, जळतंय.”

त्याला एवढंच बोलू दिलं.

ते गेल्यावर तासाभराने फाकुंदो आला, माझ्या बहिणीचा मुलगा, शेरीफचा शिपाई. टोपी काढून उंबऱ्यावर उभा. मी ‘बस’ म्हटलं नाही, तो बसला नाही.

“मावशी, आम्हाला कळवलंच नव्हतं त्यांनी.”

“कळवलं असतं तर काय केलं असतंस? त्यांना रस्ता दाखवला असतास?”

“नाही. कायद्याने आम्ही त्यांच्याबरोबर जाऊच शकत नाही. आणि न्यायाधीशाच्या सहीशिवाय त्यांनी घरात शिरायचं नाही.”

“मग शिरले कसे?”

त्याने टोपी फिरवली. “ते म्हणतात, घरमालकिणीने आत बोलावलं. बोलावलं असेल तर मग...”

“तर मग तुझा कायदा अंगणात उभा राहून बघतो, असंच ना?”

“मावशी, तू खरंच ‘या आत’ म्हणालीस?”

मी त्याला सांगितलं की तुझ्या आईने तुला लहानपणी शेणात का लोळू दिलं, ते आता कळतंय. तो गेला.

हो, म्हणाले. मीच म्हणाले.

१५ मार्च

रेमुंदोचा फोन. गुरुवारी गाडी बंद पडली म्हणे एस्पान्योलाजवळ, म्हणून नाही आला. सेल्सोचं मी सांगितलं तर म्हणाला, “अरेरे.” मग म्हणाला, “आई, आता तू एकटी कशी राहणार?” म्हटलं, मेंढ्या व्यायला आल्या आहेत, मला एकटेपणाला वेळ नाही.

गाडी कुठे दुरुस्त केली, विचारलं. म्हणाला, आपोआप चालू झाली.

प्रार्थना संपल्यावर चर्चबाहेर उबाल्दोला गाठलं. त्याचा आणि माझा पाटाच्या पाण्यावरून जुना वाद, सगळ्या गावाला माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात माझी पाण्याची पाळी असताना त्याने पाट अडवणारी फळी उचलली नाही. सेल्सोने स्वतः जाऊन उचलली, तेव्हा उबाल्दो ओरडला होता, तुला तुझ्या देशात पाठवीन. मी सगळ्यांसमोर विचारलं, “पाठवलंस ना? पोट भरलं?”

तो पांढरा पडला. “देल्फिना, मी माणसाला शिवी देईन. त्याला विकणार नाही.”

“मग कुणी विकलं?”

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग असता तर मला चाललं असतं. मग म्हणाला, “घरी जा. तुझ्या मेंढ्या मी सोडतो वर, आज.”

त्याने सोडल्याही. अपराधी मनाने माणूस असाच गोड होतो.

२० मार्च

इदालिया वकीलबाईंना घेऊन आली. तरुण आहे, पायात पुरुषी बूट, कॉफी तीन कप प्याली. समजावून सांगितलं. सेल्सोला परत पाठवायचं की नाही, हे एक न्यायाधीश ठरवतील. पोलीस चुकीच्या मार्गाने घरात शिरले असं सिद्ध झालं, तर त्यांनी इथे मिळवलेलं काहीच सेल्सोविरुद्ध वापरता येणार नाही, आणि मग त्यांच्या हातात फारसं उरत नाही. पण मी परवानगी दिली असेल तर शिरणं बरोबर.

“म्हणजे सगळं माझ्या एका ओरडण्यावर?”

“हो, आजी. तुम्हाला शपथेवर विचारतील.”

मी म्हटलं, “आणि मी म्हटलं, की मी गप्प होते, तर?”

इदालियाने कप खाली ठेवला. वकीलबाई म्हणाल्या, “ते मी ऐकलं नाही. तुम्ही खरं तेच सांगायचं. पण सगळं सांगायचं. तेव्हा तुम्हाला वाटलं कोण आलंय?”

“कुणी नाही. इथे कुणीही येतं.”

“कुणाची वाट बघत होता का?”

“नाही.”

मका भिजवला होता, सेल्सोने दाढी केली होती, आणि मी म्हणाले ‘नाही’. का म्हणाले ते ठाऊक नाही. वकीलबाई परकी आहे, तिला माझ्या घरातल्या माणसांची नावं कशाला?

खोटं बोलायचं झालं तर मी बोलेन. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मांस खाऊन पाद्रीबाबांना नाही म्हटलेलं आहे. ‘या आत’ म्हणालात का, या पहिल्या प्रश्नाची मला भीती नाही. कुणाला म्हणालात, हा दुसरा विचारू नये म्हणजे झालं.

२८ मार्च

सेल्सोला भेटून आले. तीन तास गाडीने, काचेच्या पलीकडे तो. नारिंगी कपडे, दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. मी म्हटलं, बरं दिसतंय, इथे जेवण चांगलं असणार. तो हसला.

त्याने पहिल्यांदा काळ्या मेंढीचं विचारलं. जुळी झाली, सांगितलं. उबाल्दो मदत करतो, तेही सांगितलं, आणि का करतो तेही.

“दोन्या, उबाल्दो नाही.”

“तू संत होऊ नकोस.”

“ते सरळ माझ्या खोलीत आले. उबाल्दोला वाटतं मी अजून शेडमध्ये झोपतो. मला नेलं त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला तिथेच शोधलं होतं.”

मी म्हटलं, गावात सगळ्यांना सगळं कळतं.

“त्या वेळी मी एरवी कुरणात असतो, दोन्या. सूर्य उगवायच्या आधीच.” एवढं बोलून तो काचेवर नखाने रेघा ओढत बसला. मग म्हणाला, “जाऊ द्या. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घ्यायला मला वेळ कुठे आहे. परत येताना इदालियाने रेडिओ लावला, मी बंद केला.

रेमुंदोचे दोन फोन येऊन गेले होते. परत केला नाही. गळा बसलाय.

९ एप्रिल

आज कोर्ट झालं. आजच लिहून ठेवते.

खोली लहान, खिडकी नाही. न्यायाधीश चष्मा कपाळावर ठेवून विसरणाऱ्यांपैकी. सेल्सो एका बाजूला, हातात साखळी. मेंढीला बांधत नाही असं बांधलं होतं.

आधी त्या चौघांतला एक बोलला. घरमालकिणीने मोठ्या आवाजात आत बोलावलं, आम्ही गेलो. खोटं बोलला नाही. ते ऐकताना मला वाटलं, मी म्हणेन नाही बोलावलं. एक म्हातारी आणि एक पोलीस, कुणाचं खरं?

मग वकीलबाईंनी उबाल्दोला उभं केलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं! लग्नातला कोट घालून आला होता, बटणं लागत नव्हती.

त्यांनी विचारलं, “देल्फिनाबाईंच्या दारावर थाप मारली की काय होतं?”

“ती ‘या आत’ ओरडते.”

“मग तुम्ही आत जाता?”

“जातो कसला! आमच्याकडे ‘या आत’ म्हणजे ऐकू आलं, दार ढकला, एवढंच. उंबऱ्यावर उभं राहून नाव सांगायचं. घरातली बाई तोंड बघते. मग ती ‘बसा’ म्हणाली, तरच पुढे. माझं लग्न होऊन मी तिच्या शेजारी आलो, साहेब, तेव्हापासून तिने मला ‘या’ प्रत्येक वेळी म्हटलंय आणि ‘बसा’ एकदाही नाही. मी त्या उंबऱ्यावर म्हातारा झालो.”

न्यायाधीशसुद्धा हसले. सरकारी वकील नाही हसला. तो म्हणाला, बाहेरच्या माणसाला तुमच्या गावाची रीत कशी कळणार? उबाल्दो म्हणाला, “बाहेरच्या माणसाने विचारायचं. आम्ही विचारतो.”

मग मी. बायबलवर हात.

“तुम्ही ‘या आत’ म्हणालात?” सरकारी वकिलाने विचारलं.

सेल्सो खाली बघत होता. मी म्हणाले, “म्हणाले.”

“कुणी जबरदस्ती केली होती?”

“माझ्यावर? नाही.”

“म्हणजे स्वखुशीने.”

“ज्याला म्हटलं, त्याला स्वखुशीने.”

झालं, तोंडातून गेलं. त्याने कागद खाली ठेवला. “कुणाला म्हटलं?”

दुसरा प्रश्न तो हाच. वकीलबाईंनी नाही, यानेच विचारला. मागे इदालिया बसली होती. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं तरी बघितलं. तिची हनुवटी अगदी रेमुंदोसारखी आहे, हे मला आजच का दिसावं.

“माझ्या मुलाला,” मी म्हणाले. “तो येणार होता. त्याने सांगितलं होतं, गुरुवारी सकाळी येतो, सेल्सोला घरीच ठेव. मला वाटलं तोच आला. मी त्याला बोलावलं. यांना नाही. यांना मी बसा म्हटलं नाही, उभे राहा म्हटलं नाही, हे माझ्या घरात आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.”

“आणि तुमचा मुलगा आला?”

“नाही.”

“का?”

“गाडी बिघडली, म्हणाला.”

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्या पोलिसाला विचारलं, “हा माणूस कोणत्या खोलीत आहे, हे तुम्हाला कसं कळलं?” तो म्हणाला, माहिती मिळाली होती. “कुणाकडून?” तो म्हणाला, ते सांगता येणार नाही.

न्यायाधीश म्हणाले, “मला सांगावं लागेल.”

एकाला दिलेली परवानगी दुसऱ्याने वापरायची नसते, असं ते म्हणाले, शब्द लांब होते पण अर्थ हाच. पूर्ण निकाल नंतर. तोवर सेल्सोने घरी राहायचं. माहिती देणाऱ्याचं नाव बंद पाकिटात कोर्टापुढे ठेवायचं, आणि लागलं तर त्याला समोर बोलवायचं.

परतताना सेल्सो मागे झोपला. इदालिया पुढे बघून गाडी चालवत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आजी, बाबा येणार होते, हे मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं नाहीस.”

“वकीलबाईंनी विचारलं होतं.”

तिचे डोळे वाहत होते आणि तिने पुसले नाहीत, स्टिअरिंग सोडायचं नव्हतं तिला.

१२ एप्रिल

सेल्सो पहाटे कुरणात गेला. मी म्हटलं दोन दिवस पड. म्हणाला, पडून झालं.

दुपारी उबाल्दो आला. थाप, “या आत”, उंबरा. मी म्हटलं, “बस.” त्याला कळेना काय करावं. खुर्चीच्या कडेवर बसला, कॉफी प्यायला, पाटाच्या पाण्यावरून भांडला आणि गेला. माफी मागायची मला सवय नाही, लाल मिरचीचा डबा दिला.

मग रेमुंदो. फोन घेतला, किती दिवस टाळणार.

“आई, कोर्टात माझं नाव कशाला घेतलंस?”

“शपथ होती.”

“आता ते मला बोलावतील. माझी नोकरी राज्य सरकारची आहे, आम्हीही त्यांना मदत करायची नसते. राज्याच्या नव्या कायद्याखाली चौकशी निघतेय म्हणतात, सगळे विचारणार.” आवाज लहान मुलासारखा झाला. “आई, मी तुझ्यासाठी केलं. तू त्या थंडीत, त्या डोंगरात, एकटी...”

“एकटी नव्हते. तीच तुझी अडचण होती.”

बराच वेळ नुसता श्वास. लहानपणी काही फोडलं की असाच दाराआड उभा राहून श्वास घ्यायचा.

“एक कर,” तो म्हणाला. “वकीलबाईंना सांग, तूच कुणाकडे तरी बोललीस. दुकानात, चर्चमध्ये. सेल्सो कुठे झोपतो, कधी घरी असतो. वय झालंय म्हणतील. तुला कोण काय करणार?”

मी विचार केला. खरंच केला. माझं काय जाणार होतं? म्हातारी बडबडली, संपलं. पोटचा मुलगा आहे. त्याच्या जन्माच्या वेळी दोन दिवस ओरडत होते. सांगितलं असतं तर इदालियाला बाप राहिला असता, मला मुलगा. आणि सेल्सोने काही विचारलं नसतं, तो विचारतच नाही.

खिडकीतून तो दिसत होता, काळ्या मेंढीच्या एका जुळ्याला काखेत धरून दुसऱ्याला शोधत होता.

“नाही,” म्हटलं आणि फोन ठेवला.

मग वकीलबाईंना फोन लावला. त्यांना म्हटलं, लिहून घ्या. पाकीट उघडायची वाट बघू नका. समन्स रेमुंदोच्या नावाने काढा, आल्बुकर्कीचा पत्ता मी देते. इदालियाच्या हाती ते देऊ नका, ती त्याची मुलगी आहे, दुसरं कुणी शोधा. मला पुन्हा काही विचारू नका, माझं सांगून झालं. पोलिसांना फोन त्याने केला, उत्तर त्यानेच उभं राहून द्यायचं. त्याची आई त्याच्यासाठी बोलणार नाही.